स्पिटफायरच्या तारेला झोळ : सदाशिव पेठेतलं एक प्रकरण

मॉडेल १/४८ मापाचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या हिश्शाएवढं. दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर, त्याची पहिली आवृत्ती मार्क वन, १९४०च्या उन्हाळ्यातल्या रंगसंगतीत. कॉकपिटच्या मागे उभ्या असलेल्या मास्टपासून, म्हणजे छोट्या काठीपासून, रडरच्या (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूच्या) माथ्यावरच्या खुंटापर्यंत रेडिओच्या अँटेनाची एक तार. तक्रार अशी की पावसाळ्यात तार लोंबते आणि उन्हाळ्यात मास्ट मागे झुकतो. दिवाळीच्या सुमारास मात्र सगळं जागच्या जागी दिसतं. पाहुणे नेमके तेव्हाच येत असल्यामुळे घरात या तक्रारीला फारशी किंमत नव्हती.

मॉडेलचे मालक सत्तरी ओलांडलेले काका. त्यांची सगळी नोकरी दूरध्वनी खात्यात गेली, त्यातली उमेदीची वर्षं खांबांवर तारा ओढून घेण्यात. त्यांच्याच शोकेसमध्ये दहा सेंटिमीटरची तार लोंबावी हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं. "अरे, मी मैलच्या मैल तारा ताणल्यात. ही एवढीशी मला दाद देत नाही म्हणजे काय?" असं म्हणून त्यांनी मॉडेल माझ्या पुढ्यात ठेवलं. मी ओळखीतल्यांची मोडकी मॉडेलं दुरुस्त करून देतो. तार तुटलेली असेल तर अर्ध्या तासाचं काम असतं. इथे काहीच तुटलेलं नव्हतं.

आधी हकिगत नीट विचारून घेतली. तार काकांनी मे महिन्यात बसवली होती. मासेमारीचा नायलॉनचा दोरा, मिळाला त्यातला सगळ्यात बारीक, ०.१ मिलिमीटरचा. दोन्ही टोकं फेवीक्विकनं चिकटवलेली आणि तार 'सतारीसारखी' ताणलेली. जुलैत ती लोंबायला लागली. तेव्हा पुतण्यानं एक टोक सोडवून, ओढून, पुन्हा चिकटवून दिलं. पुढच्या एप्रिलमध्ये मास्ट शेपटीकडे कललेला दिसला. काका म्हणाले, चिकटवण सुटत असणार. पुतण्या म्हणाला, दोराच डुप्लिकेट आहे. शोकेस पश्चिमेच्या खिडकीला लागून, आत एक पिवळा दिवा, संध्याकाळी हमखास लावला जाणारा.

भिंगाखाली दोन्ही टोकं पाहिली तर चिकटवण शाबूत होती, दोराही कुठे विरलेला नव्हता. म्हणजे दोघांचेही संशयित सुटले. उरली हवा.

नायलॉन ओलावा शोषतं आणि ओलावा शोषला की लांबतं. स्वयंपाकघरातला पापड सादळतो तसंच, फक्त इथे कुरकुरीतपणा जाण्याऐवजी लांबी वाढते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी नव्वदीला टेकते. एवढा फरक मुंबईच्या घरात नसतो. तिथलं मॉडेल बारा महिने दमट हवेत असतं, तार एकदा सैल पडली की बहुतेक तशीच राहते. पुण्याची तार वर्षभर लांब-आखूड होत असते.

खात्री करून घ्यायची म्हणून त्याच रिळातला फूटभर तुकडा घेतला, खाली कागदाची क्लिप अडकवली आणि स्टीलच्या पट्टीशेजारी टांगून झाकणाच्या डब्यात ठेवला. सोबत ओलं फडकं. सकाळी क्लिप खुणेच्या खाली उतरलेली होती. फडकं काढून सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तेव्हा ती पुन्हा वर सरकली. काकांना डबाच नेऊन दाखवला. त्यांनी पट्टीवरचं अंतर पाहिलं आणि ते माझ्यावर जवळजवळ उखडलेच : "एवढ्याशा वाढीनं एवढा झोळ? शक्य नाही."

शक्य कसं आहे ते त्यांनाच माहीत होतं, फार तर विसरले असतील. खांबावरच्या तारेचं गणित आहे ते. दोन खांबांमधल्या अंतरापेक्षा तार जेवढी जास्त लांब, ती जादा लांबी अंतरानं गुणायची, तीननं गुणायची, आठनं भागायची, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ काढायचं. ते म्हणजे मधला झोळ. काकांनी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून पाहिलं. मास्ट ते रडर १०० मिलिमीटर धरले आणि तार एक टक्का, म्हणजे एक मिलिमीटर लांबली, तर झोळ येतो सहा मिलिमीटरचा. अर्धा टक्का लांबली तरी सव्वाचार. एक दशांश टक्का, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा, जो पट्टीवर वाचताही येत नाही, त्यानंसुद्धा जवळजवळ दोन मिलिमीटर झोळ पडतो. सहा मिलिमीटरला ४८नं गुणलं तर खऱ्या विमानावर फूटभर लोंबणारी तार झाली. कुठला वैमानिक ती घेऊन उडाला असता?

सगळ्या प्रकरणाचा कणा हाच आहे. वर्गमूळामुळे बारीक बदल डोळ्यात भरण्याएवढा मोठा होऊन दिसतो. म्हणून तार 'अगदी बरोबर' लांबीची कापण्याची खटपट व्यर्थ आहे. मे महिन्यातली बरोबर लांबी जुलैत बरोबर नसते.

हे कळल्यावर काका स्वतःच म्हणाले, की खांबांवर म्हणूनच तार कधी पूर्ण ताणायची नसते. थंडीत तार आखडते, तेव्हा खांबावर किंवा तारेवर जोर येऊ नये म्हणून तापमान बघून झोळ सोडायचा, त्याचे तक्ते असायचे. पुतण्यानं नेमकं उलटं केलं होतं. जुलैत, तार सादळून लांब झालेली असताना, त्यानं ती ताणून बसवली. उन्हाळ्यात ती आखडायला गेली आणि तिच्या दोन टोकांपैकी जे कमजोर होतं ते वाकलं.

किती जोर असेल? ०.१ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोरा एक टक्का ताणून धरायला ढोबळ हिशेबानं वीस ग्रॅम वजनाएवढा जोर लागतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो टूथपिकच्या टोकापेक्षाही बारीक प्लास्टिकच्या मास्टच्या अगदी माथ्यावर, आडवा, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने लागलेला असतो. मॉडेलच्या प्लास्टिकचा, पॉलिस्टायरिनचा, स्वभाव असा की थोडा पण सततचा भार पडला की ते हळूहळू वाकतं आणि भार काढल्यावरही पूर्ण सरळ होत नाही. संध्याकाळच्या दिव्याची ऊब त्याला मदतच करत होती. म्हणून पुढच्या पावसाळ्यात तार पुन्हा लोंबली ती आधीपेक्षा जास्त : दोरा सादळला होता तो वेगळा आणि मास्ट शेपटीकडे सरकला होता तो वेगळा.

आता बदली काय घालायचं? काकांच्या घरात यावर संध्याकाळभर परिषद भरली.

काकूंनी केस सुचवला. जुन्या मंडळींनी मॉडेलवर केस वापरलेले आहेत आणि जाडीच्या बाबतीत तो उत्तम : ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. पण ओलाव्याला प्रतिसाद देण्यात केस इतका भरवशाचा आहे की सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञानं अठराव्या शतकात त्यावरच आर्द्रता मोजायचं यंत्र बनवलं. आपल्याला शोकेसमध्ये विमान हवं होतं, हवामानखातं नको होतं.

तांब्याची तार पुण्यात हवी तेवढी बारीक मिळते. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे गेज सांगायचा, एनॅमल चढवलेली तार तोलून देतात. ४४ गेज म्हणजे ०.०८ मिलिमीटर, ४७ म्हणजे ०.०५. आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे दुकानात जाण्याआधी माहीत असलेलं बरं. तांबं सादळत नाही. पण प्लास्टिक तापमानानं तांब्याच्या चौपट प्रसरण पावतं. जानेवारीची सकाळ आणि दिवा लावलेली बंद शोकेस यात वीस अंशांचा फरक सहज पडतो आणि १०० मिलिमीटरच्या अंतरात विमान तारेपेक्षा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शानं जास्त वाढतं. वरच्या गणितानं तेवढाही पुरतो. शिवाय तांब्याच्या तारेला एकदा बोट लागून मुरड पडली की ती कायमची. जिथे तार लहान आहे, वाकवून आकार द्यायचा आहे, तिथे मी तांबंच वापरतो. इथे नाही.

रनर ओढून केलेली तार हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक उपाय. किटचे भाग ज्या चौकटीत येतात त्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीवर, ज्योतीच्या जरा वर, फिरवत मऊ करायचा, बाजूला घ्यायचा आणि ओढायचा. झटकन ओढलं तर केसाएवढी बारीक, सावकाश ओढलं तर जाड. हे प्लास्टिक विमानाचंच असल्यामुळे दोन्ही सारखंच प्रसरण पावतं आणि ओलावा जवळजवळ शोषत नाही. बसवल्यावर थोडी सैल राहिली तर पेटती उदबत्ती खालून, न टेकवता, फिरवायची. ओढताना प्लास्टिकचे रेणू एका दिशेत ताणले जाऊन तसेच थिजलेले असतात. ऊब मिळाली की ते पुन्हा आखडतात आणि तार डोळ्यांदेखत ताठ होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला गंमत वाटते. उदबत्ती क्षणभर जास्त थांबली तर मात्र तार दोन तुकड्यांत.

काकांच्या घरी तिला मी नाही म्हटलं, कारण रनरची तार ठिसूळ असते आणि ही शोकेस बंद राहत नाही. सहा वर्षांचा नातू विमानं बाहेर काढून 'उडवतो', आणि त्याला मनाई करायची आजोबांची तयारी नाही. मलाही ती असावी असं वाटलं नाही.

उरला लायक्राचा, रबरासारखा ताणला जाणारा धागा. परदेशी मॉडेलवाल्यांसाठी तो रिळावर तयार मिळतो, ऑनलाइन मागवता येतो, किंमत जरा डोळे पांढरे करणारी. काकूंनी लक्ष्मी रोडवरच्या होजिअरीच्या दुकानातून शाळेच्या गॅदरिंगला मुली नाचात घालतात त्या अंगाच्या रंगाच्या स्टॉकिंग्जची जोडी आणली. त्यातला धागा उसवून, भोवती गुंडाळलेलं नायलॉन सुईनं सोडवलं की आतून पारदर्शक लायक्रा निघतो. वेळखाऊ काम आहे, पण काकू टीव्हीसमोर बसून करत होत्या आणि माझ्यापेक्षा चांगलं करत होत्या. चाळीस डेनिअरचा (डेनिअर हे धाग्याच्या जाडीचं माप) धागा सुमारे ०.०७ मिलिमीटरचा असतो. थोडा ताणला की ०.०६, म्हणजे ४८नं गुणून पावणेतीन-तीन मिलिमीटरची तार. दिसायला योग्य. काकांचा जुना दोरा या हिशेबानं जवळजवळ पाच मिलिमीटरचा, चांगला दोरखंडच होत होता.

लायक्राचा खरा फायदा जाडीत नाही. तो पंचवीस-तीस टक्के ताणून बसवला तर नंतर हवेनं, उन्हानं होणारे एक-दोन टक्क्यांचे बदल तो गिळून टाकतो. आणि तेवढा ताणूनही मास्टवर येणारा जोर माझ्या हिशेबानं एक ग्रॅमच्या आतबाहेर. नातवाचं बोट लागलं तर तार वाकते आणि परत जागेवर येते.

काम असं केलं. जुना मास्ट सरळ करण्याच्या फंदात पडलो नाही. काकांनी स्टीलची टाचणी कानशीनं दोन्ही बाजूंनी चपटी घासून, वर निमुळती करत नवा मास्ट बनवला. हात थरथरतो म्हणतात, पण कानस धरली की थरथरत नाही. धडात अर्ध्या मिलिमीटरचं भोक पाडून टाचणी आत खोवली, म्हणजे भार चिकटवणीवर न येता भोकाच्या भिंतींवर येतो. रडरच्या खुंटाला ०.३ मिलिमीटरचं भोक. एवढं बारीक ड्रिल छापील सर्किटच्या कामाचं असतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारावं. ते कार्बाइडचं असल्यानं कडक पण ठिसूळ, हातात जराही तिरपं झालं की टिचकन मोडतं. पिन व्हाइसमध्ये, म्हणजे ड्रिल धरायच्या छोट्या मुठीत, धरून बोटांनी नुसतं फिरवत राहायचं, दाबायचं नाही.

धाग्यावर बारीक मार्कर फिरवून काळपट केलं. ठार काळा रंग मी टाळतो, या मापात तो पेनानं ओढलेल्या रेघेसारखा दिसतो. आधी धाग्याचं एक टोक रडरच्या भोकात चिकटवलं आणि पूर्ण सुकू दिलं. मग धागा सैल असताना ७८ मिलिमीटरवर खूण केली आणि ती खूण १०० मिलिमीटरवरच्या मास्टच्या माथ्यापर्यंत ओढून टेकवली. अंदाजानं 'पुरेसा ताण' देण्यापेक्षा हे बरं, पुढच्या वेळी हाच आकडा कामी येतो. फेवीक्विक नळीतून सोडायचं नाही. शिवणाच्या सुईचं नेढं वरून अर्धं कापलं की बारीक चिमटा तयार होतो, त्यात सुईच्या टोकाएवढाच थेंब राहतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्यानं सुकतो. त्यामुळे पावसाळ्यात क्षणात धरतो आणि आमचं काम चाललं होतं तसल्या कोरड्या एप्रिलमध्ये रेंगाळतो. अशा वेळी तोंडानं 'हाः' करून उबदार श्वास सोडला की पुरतं. कॅनपीवर, म्हणजे कॉकपिटच्या पारदर्शक छतावर, मात्र मास्किंग टेप लावून ठेवावी आणि शोकेस दिवसभर उघडी, कारण गोंदाच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धूसर बुरशी आल्यासारखी येते आणि ती पुसून जात नाही.

इथवर मार्क वनचं झालं. पण शेजारी त्याच शोकेसमध्ये स्पिटफायरचीच नंतरची आवृत्ती, मार्क फाइव्ह होतं, काकांनी त्यालाही तशीच तार लावलेली, आणि तीही अर्थातच पावसाळ्यात लोंबायची. "हिलाही बदल," काका म्हणाले. मी म्हटलं, "काका, हिला बदलायची नाही, काढायची."

मग वाद झाला. खोक्यावरच्या चित्रात मास्ट आहे, मग तार का नको? सुरुवातीच्या स्पिटफायरवरचा टीआर ९डी हा रेडिओ पाच मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचा. तिथे तरंगलांबी साठ मीटर; अँटेना साधारण तिच्या पाव हिश्शाएवढी लागते, म्हणजे पंधरा मीटर. स्पिटफायरची अख्खी लांबीच नऊ मीटर, त्यामुळे मिळेल तेवढी लांब तार शेपटीपर्यंत न्यावी लागे. १९४०मध्ये व्हीएचएफ संच यायला लागले, शंभर मेगाहर्ट्झच्या वरचे. तिथे तरंगलांबी तीन मीटरच्या आत, पाव हिस्सा पाऊण मीटर किंवा त्याहूनही कमी. तेवढ्याला मास्टच पुरतो. तार गेली, मास्ट राहिला. दूरध्वनी खात्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. बदल टप्प्याटप्प्यानं झाला, म्हणून १९४०च्या उन्हाळ्यातल्या विमानावर तार असूही शकते, नसूही शकते. तिथे त्या विशिष्ट विमानाचा फोटोच बघावा लागतो. १९४१ साली सेवेत आलेल्या मार्क फाइव्हवर मात्र मास्ट ते रडर तार नको.

त्याऐवजी दोन वेगळ्या तारा आल्या. त्या काळच्या बऱ्याच स्पिटफायरवर, धडावरच्या गोल चिन्हाजवळून निघून टेलप्लेनच्या, म्हणजे शेपटीच्या आडव्या पंखाच्या, दोन टोकांना जाणाऱ्या तारा फोटोत दिसतात. त्या बोलण्यासाठी नव्हत्या. रडारला 'मी आपला आहे' असं उत्तर देणाऱ्या आयएफएफ यंत्रणेच्या त्या तारा, पुढच्या पद्धतीत पंखाखालची छोटी दांडी आल्यावर त्याही गेल्या. काकांनी निवडलेलं विमान १९४१चं, म्हणून एक तार काढली आणि दोन लावल्या. प्रत्येकी जेमतेम पाच सेंटिमीटर. काकांना हा व्यवहार फायद्याचा वाटला.

झोळ दाखवणं बरोबर ठरावं अशीही विमानं आहेत. सुरुवातीच्या फॉकेवुल्फ १९० या जर्मन लढाऊ विमानाची तार कॉकपिटच्या सरकत्या छताला जोडलेली असे. छत मागे सरकवलं की तार सैल पडून लोंबायची. तिथे उघड्या छतावर ताठ तार लावणारा चुकतो. त्या मॉडेलला मी रनरचीच तार वापरेन, थोडी सैल, खाली झुकलेली ठेवून, कारण लायक्राला झोळ देता येत नाही.

पुढचा पावसाळा गेला. मार्क वनची तार सरळ आहे, टाचणीचा मास्ट जागचा हललेला नाही. मार्क फाइव्हच्या टेलप्लेनकडचं एक टोक ऑगस्टमध्ये सुटलं. नातवाच्या 'लँडिंग'नंतर सुटलं असं काकूंचं म्हणणं, काकांचं म्हणणं वेगळं. धागा शाबूत होता, काकांनी तो स्वतःच पुन्हा चिकटवला. लायक्रा उन्हानं काही वर्षांत पिवळा पडतो, ताण सोडतो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावला आहे, आणि शोकेसच्या तळाशी काकांनी चिठ्ठी चिकटवली आहे : धागा चाळीस डेनिअर, १००ला ७८, बसवल्याची तारीख. उरलेल्या स्टॉकिंगची पुडी काकूंच्या शिवणाच्या डब्यात आहे.